वाफ आधी, पीठ नंतर

चायनीज म्हटलं की आपल्याला गाड्यावरचं मंचुरियन आठवतं. पण चीनमध्ये घरोघरी चालतात ते वाफवलेले पदार्थ. गटात मोदक करताना हा विषय निघाला, म्हणून आज तोच घेतलाय.

तिकडे वाफ फार जुनी आहे. झेजियांग प्रांतात हेमुदू इथे सुमारे ७,००० वर्षांपूर्वीचं मातीचं भांडं सापडलं. बुडाला भोकं, खाली उकळतं पाणी. झालं की आपलं मोदकपात्र! गहू चीनमध्ये बाहेरून, बराच उशिरा आला. आधी तो अख्खाच शिजवून खात. सुमारे २,००० वर्षांपूर्वी, हान राजांच्या काळात, दगडी जातं सगळीकडे पसरलं आणि पीठ मुबलक झालं. पश्चिमेकडे कणीक भट्टीत गेली. चीनमध्ये ती बहुतेक वाफेवर चढली.

गोष्ट मात्र वेगळीच सांगतात. तिसऱ्या शतकातल्या झुगे लियांग या सेनापतीला नदी ओलांडायची होती. नदीला माणसांची डोकी वाहायची प्रथा. त्याने कणकेची डोकी करून वाहिली, तोच 'मान्तोऊ'. 'तोऊ' म्हणजे डोकं. नरबळी टळला हे छानच, पण ही गोष्ट लिहिली गेली शेकडो वर्षांनी. आम्हाला ती पुरती पटत नाही. एवढं पीठ दळलं कुणी, मळलं कुणी? त्यांचं नावच नाही.

उत्तरेत गहू पिकतो. तिथे मान्तोऊ म्हणजे बिनसारणाचा, भाकरीसारखा भाजीबरोबर खायचा. सारण भरलं की तो बाओझी. शांघायकडची जुनी माणसं मात्र भरलेल्यालाही मान्तोऊच म्हणतात. तिथल्याच नानशियांग गावचा शिआओलोंगबाओ प्रसिद्ध आहे. पारी पातळ आणि आत चक्क रस्सा! रस्सा भरतात कसा? डुकराची कातडी उकळून तिचा रस गार करतात, तो थिजतो. तो सारणात मिसळायचा, वाफेवर वितळतो. खाताना आधी बारीक चावा घेऊन रस्सा प्यायचा, नाहीतर जीभ पोळलीच.

दक्षिणेत, ग्वांगडाँगमध्ये, भाताचा मुलूख. तिथे चहाबरोबर हार गाउ खातात. कुरडयांसाठी आपण गव्हाचा चीक काढतो ना, तशाच सत्त्वाची पारी. शिजल्यावर आरपार दिसते, आतली गुलाबी कोळंबीसुद्धा.

आम्ही कोबी-गाजर भरून बाओझी करून पाहिले. पहिला घाणा तळाला चिकटला. टोपलीत खाली कोबीची पानं अंथरायची असतात, ते आम्हाला नंतर कळलं.