सेंच्युरियनमधले चौघे

आजचा विषय वाचून काहींना वाटलं असेल, इतिहासाच्या व्याख्यानात खेळणं कशाला? पण रिमोटवर चालणाऱ्या रणगाड्यात माणसं बसवायला घेतली, की इतिहासाचे बरेच प्रश्न आपोआप समोर येतात. त्यातला एक प्रश्न आपल्याला आज शेवटपर्यंत न्यायचा आहे: रणगाड्यातला कोण माणूस आपल्याला दिसतो, आणि कोण दिसत नाही?

आपण सेंच्युरियन घेऊ. हा ब्रिटिश रणगाडा, वजन सुमारे ५० टन. भारतीय सैन्याने तो १९६५ आणि १९७१ या दोन्ही युद्धांत वापरला. रिमोटवरची मॉडेलं बहुधा एक सोळांश मापाची असतात. म्हणजे तोफ सोडून साडेसात मीटर लांबीचा रणगाडा साधारण ४७ सेंटीमीटरचा होतो, आणि पावणेसहा फुटी माणूस जेमतेम अकरा सेंटीमीटरचा.

आता खोक्यातून जी माणसं निघतात ती ब्रिटिश असतात. आपल्याला त्यात पूना हॉर्सचे स्वार बसवायचे आहेत. काय काय बदलावं लागेल?

टोपीपासून सुरुवात करू. काळी बेरे टोपी काढायची गरज नाही. ब्रिटिश रॉयल टँक कोअरने ती १९२४ मध्ये स्वीकारली. कारण अगदी व्यवहारी होतं: काळ्या रंगावर तेलाचे डाग दिसत नाहीत, आणि टोपीला कड नसल्यामुळे तोफेच्या दुर्बिणीला डोळा लावताना ती आड येत नाही. आपल्या आर्मर्ड कोअरनेही काळी बेरेच ठेवली. तेव्हा टोपी तीच, बिल्ला मात्र घासून नवा करायचा.

पुढे चेहरा. दुकानात ‘त्वचेचा रंग’ म्हणून मिळणारी बाटली गुलाबी असते. तिच्यात तपकिरी मिसळून चालत नाही, चेहरा मातकट दिसतो. आधी गडद तपकिरी थर, त्यावर गाल, नाक, कपाळ अशा उंच भागांवर उबदार फिकट छटा, आणि सावलीसाठी काळ्याऐवजी लालसर तपकिरी. मिशी एपॉक्सी लांबीची. हात वळवायचा असेल तर खांद्यापाशी बारीक करवतीने कापायचा, आत तारेचा तुकडा घालायचा, हवा तसा फिरवून फट लांबीने भरायची.

मग येतो पगडीचा मोह. भारतीय म्हटलं की फेटा किंवा पगडी बांधून मोकळं व्हायचं! इथे जरा थांबायला हवं. आपण ज्या रणगाड्याबद्दल बोलणार आहोत त्यातल्या तिघांच्या नावात ‘सिंग’ आहे. पण सिंग म्हणजे शीखच असं नाही. पूना हॉर्समध्ये राजपूत स्वारांची परंपरा जुनी आहे. आणि रेजिमेंटच्या नावात पुणं आहे म्हणून स्वार मराठी असतील, असंही नाही. पुण्याचं नाव आलं ते १८१७ मध्ये, दुसऱ्या बाजीरावाशी झालेल्या तहातून हे घोडदळ उभं राहिलं म्हणून. नावावरून डोक्यावरचं वस्त्र ठरवायचं नाही, एवढा धडा या छोट्या फिगरमधून मिळतो.

आता तो रणगाडा. नाव ‘फामागुस्ता’. कमांडर सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल. जन्म पुण्यातला, १९५० चा. जून १९७१ मध्ये ते अधिकारी झाले. युद्ध सुरू झालं तेव्हा नगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला, तरुण अधिकाऱ्यांचं प्रशिक्षण घेत होते. ते अर्धवट सोडून रेजिमेंटकडे गेले. १६ डिसेंबरला बसंतर नदीच्या पलीकडे, जरपालच्या लढाईत त्यांच्या रणगाड्याला आग लागली. रेडिओवरून बाहेर पडायचा हुकूम आला. तोफ अजून चालते आहे, असं सांगून ते लढत राहिले. वय २१. त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळालं.

हे बहुतेकांना माहीत असतं. पण सेंच्युरियनमध्ये माणसं चार असतात. टरेटच्या उजव्या बाजूला कमांडर, त्याच्या पुढ्यात खाली गनर, डाव्या बाजूला लोडर, आणि पुढे उजवीकडे ड्रायव्हर. लोडर तोफेत गोळे भरतो आणि रेडिओही सांभाळतो. फामागुस्तामध्ये ड्रायव्हर होते प्रयाग सिंग, गनर नथू सिंग, आणि रेडिओ सांभाळणारे नंद सिंग. कमांडरबरोबर नंद सिंगही त्या लढाईत गेले. प्रयाग सिंग आणि नथू सिंग वाचले.

‘तोफ अजून चालते आहे’ हे वाक्य आपण पुन्हा नीट ऐकू या. तोफ चालते म्हणजे काय? कोणीतरी गोळा भरतो आहे, कोणीतरी नेम धरतो आहे, कोणीतरी रणगाडा वळवतो आहे.

आता मॉडेलकडे या. टरेटच्या पोटात गिअर, तारा आणि सर्किट बसवलेलं असतं. तिथे कमरेपासून वरची अर्धी फिगर मावते ती फक्त कमांडरची, कारण तो झाकणातून बाहेर डोकावतो. पेरिस्कोपमधून फार थोडं दिसतं, म्हणून खरा कमांडरही डोकं बाहेर काढतो आणि धोका पत्करतो. ड्रायव्हर फार तर प्रवासात दिसेल. लढाईत त्याचं झाकण बंद. गनर कधीच दिसत नाही, आणि लढाईत लोडरही आतच असतो. मॉडेलमध्ये जे होतं तेच आपल्या स्मरणातही होतं: झाकणाच्या वर जो दिसतो त्याचाच पुतळा उभा राहतो.

यावर उपाय आहे. लढाईऐवजी मुक्कामाचा प्रसंग निवडायचा. चार पूर्ण फिगर करायच्या, तळाशी छोटे लोहचुंबक बसवायचे. रणगाडा चालवताना कमांडर एकटा. कपाटात ठेवताना चौघे रणगाड्यावर आणि भोवती, कोणी बसलेला, कोणी उभा. अशा वेळी पाहणारा आपणहून विचारतो, हे बाकीचे कोण? तेव्हा तीन नावं सांगता येतात.

खरा फामागुस्ता पुढे परत आला, दुरुस्त झाला, आणि आज अहिल्यानगरच्या आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूलमध्ये जपलेला आहे. जिथून ते तरुण अधिकारी निघाले, तिथेच त्यांचा रणगाडा परतला. खेत्रपालांचं शौर्य त्यामुळे तसूभरही कमी होत नाही, पण त्या पोलादाच्या आत आणखी तिघे होते, हे लहान मॉडेल करणाऱ्यानेही विसरू नये, आणि इतिहास सांगणाऱ्या आपण सर्वांनी तर मुळीच नाही.

इथे थांबू. आता प्रश्न घेऊ या.