खांद्यावरची सायकल

वडील म्हणत, ‘‘उन्हाळ्यात माणूस सायकलवर बसतो, आषाढात सायकल माणसावर बसती.’’ ते प्राथमिक शिक्षक होते. पालमहून गोदाकाठच्या एका गावात रोज सायकलने जात. शेवटचा दीडेक किलोमीटर काळ्या रानातली गाडीवाट होती. ही माती ओली झाली की चाकाला नुसती लागत नाही, थरावर थर चढवते, मडगार्डात ठासून बसते आणि चाक जागच्या जागी अडकते. वडिलांनी मडगार्ड कधीच काढून टाकले होते. चिखल खरवडायला बाभळीची एक चपटी काडी हँडलला बांधलेली असे. तिनेही भागेना की त्रिकोणात हात घालून दांडी खांद्यावर घ्यायची आणि चालायला लागायचे. शाळेच्या हजेरीपटात त्यांच्या नावापुढे पावसाळाभर उशिराचे लाल शेरे पडत.

पुष्कळ वर्षांनी नांदेडच्या एका रद्दीवाल्याकडे जुन्या इंग्रजी क्रीडा-साप्ताहिकात मला एक छायाचित्र दिसले. गुडघ्यापर्यंत चिखलाने माखलेला एक माणूस सायकल खांद्यावर घेऊन चढ पळत चढतो आहे आणि दोरीपलीकडची गर्दी त्याला ओरडून चेतवते आहे. मी पहिल्यांदा पाहिली ती दांडी. ती वडिलांच्या खांद्यावर जिथे असे, नेमकी तिथेच होती. खाली नाव होते रॉजर डी व्लेमिंक. त्या नावामागे मी लागलो तो असा.

या शर्यतीला सायक्लोक्रॉस म्हणतात. रस्त्यावरच्या शर्यतींचा हंगाम संपला की युरोपात थंडी-पावसात ती खेळतात. शेतातून, झाडीतून, वाळूतून आखलेल्या तीनेक किलोमीटरच्या वाटेवर साधारण तासभर फेऱ्या मारायच्या. मध्ये मुद्दाम अडथळे आणि असे चढ, की उतरून सायकल उचलावीच लागावी. दानिएल गुसो नावाच्या फ्रेंच सैनिकाचे नाव या खेळाच्या जन्माशी जोडले जाते. फ्रान्सची पहिली राष्ट्रीय स्पर्धा १९०२ ची, पहिली जागतिक १९५० ची, पॅरिसमध्ये. ती जिंकणारा झां रोबिक हा १९४७ च्या ‘तूर द फ्रान्स’चा विजेता. म्हणजे चिखलातला आणि डांबरावरचा स्वार एकच असू शकतो, हे सुरुवातीलाच दिसून आले होते.

डी व्लेमिंक याच जातीचा. जन्म १९४७, बेल्जियममधल्या एक्लो गावी. आईवडील फिरून कापड विकणारे, म्हणून त्याला पुढे ‘जिप्सी’ हे टोपणनाव चिकटले. थोरला भाऊ एरिक सायक्लोक्रॉसमध्ये सात वेळा जगज्जेता झाला. १९६८ साली लक्झेंबर्गमध्ये एरिकने व्यावसायिकांची आणि रॉजरने हौशींची जागतिक स्पर्धा जिंकली. एकाच घरात, एकाच चिखलातून दोन पदके. पुढच्याच वर्षी रॉजर व्यावसायिक झाला आणि पहिल्याच शर्यतीत जिंकला.

त्याचे खरे नाव झाले पॅरिस–रूबे शर्यतीने. अडीचशेहून अधिक किलोमीटरची ही वाट ओबडधोबड दगडी फरसबंदीवरून जाते. पाऊस असला तर त्या दगडांवर चाक साबणावरून गेल्यासारखे घसरते. ती त्याने १९७२, १९७४, १९७५ आणि १९७७ अशी चार वेळा जिंकली. १९७५ चा क्रम पाहण्यासारखा आहे. हिवाळ्यात स्वित्झर्लंडमधल्या मेलश्नाऊ इथे व्यावसायिकांचे सायक्लोक्रॉस जगज्जेतेपद, आणि एप्रिलमध्ये रूबे. माझ्या मते या दोन गोष्टी वेगळ्या काढता येत नाहीत. चाक घसरताना हँडल आवळायचे नाही, घसरू द्यायचे, हे माणूस गुळगुळीत डांबरावर शिकत नाही. एका दिवसाच्या ज्या पाच शर्यती सर्वांत मानाच्या समजल्या जातात, त्या पाचही त्याने जिंकल्या. त्याच्याआधी हे दोघांनाच साधले होते, रिक व्हान लोय आणि एडी मर्क्स. एक फरक मात्र नोंदवायला हवा. सायक्लोक्रॉसच्या वाटेवर ठरावीक जागी मदतनीस दुसरी, धुतलेली सायकल घेऊन उभा असतो. माखलेली टाकायची, स्वच्छ घ्यायची. आमच्याकडे बाभळीची काडी.

तिथे तो पोटापाण्याचा धंदा होता. आपल्याकडे सायकल शर्यतीवर घर चालवणे जवळपास अशक्यच राहिले. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये भारताचे सायकलपटू पहिल्यांदा उतरले. त्यांत पारशी नावे बरीच आहेत. मुंबई–पुणे शर्यतीत बोरघाट सर्वांत आधी चढणाऱ्याला ‘घाटाचा राजा’ म्हणतात. शब्द केवढा मोठा! पण राजाला दुसऱ्या दिवशी रोजीरोटी पाहावीच लागते. चांगल्या सायकलपटूचे ध्येय बहुधा रेल्वेतली किंवा सैन्यातली नोकरी हेच. नाशिकच्या हितेंद्र आणि महेंद्र महाजन या भावांनी २०१५ मध्ये अमेरिका आडवी पार करणारी सुमारे ४,८०० किलोमीटरची शर्यत दोघांच्या संघातून नऊ दिवसांच्या आत पुरी केली. एक भूलतज्ज्ञ, दुसरे दंतवैद्य. एक्लोच्या भावांशी त्यांची तुलना करण्याचा मोह मला होतो, पण ती बरोबर नाही. महाजन बंधूंनी दवाखाना सांभाळून ते केले. एक्लोच्या भावांचा तोच दवाखाना होता.

ते छायाचित्र मी वडिलांना दाखवले होते. चष्मा पुसून त्यांनी ते बराच वेळ पाहिले. ‘‘ह्याला पगार किती?’’ एवढेच विचारले. मग म्हणाले, ‘‘पिशवी नाही त्याच्या पाठीला.’’ वडिलांच्या कॅरिअरला डब्याची पिशवी, वह्यांचे गठ्ठे, कधी परतताना किलो-दोन किलो वांगी असत.

ते गेल्यावर सायकल पडवीतच राहिली. यंदा मोंढ्यात ओळखीच्या आडत्याच्या काट्यावर मी ती ठेवून पाहिली. मडगार्ड नसताना, डबा नसताना, चिखल नसताना एकवीस किलो भरली. आडत्याने विचारले, ‘‘भंगारात द्यायची का?’’ मी नाही म्हटले आणि तिला हाताने ढकलत घरी आणली.