मुकादमावरचा मॅनेजर

कर्नेल हा संगणकातला मुकादम. प्रोसेसरचा वेळ, स्मृती, सारे तो वाटतो. एकाच यंत्रावर असे अनेक मुकादम नांदवायचे तर त्यांच्यावर मॅनेजर हवा, तोच हायपरव्हायजर. आयबीएमने मोठ्या यंत्रांवर १९६७ सालीच ही व्यवस्था चालविली.

इंटेलच्या एक्स८६ प्रोसेसरवर मात्र घोडे अडले. ‘पॉपएफ’ या आज्ञेने कर्नेल इतरांचे व्यत्यय रोखतो वा मोकळे करतो. अधिकार नसता ती दिली, तर प्रोसेसर तेवढा भाग गुपचूप गाळतो. हुकूम पाळला नाही, नाकारलाही नाही. मॅनेजरला पत्ताच नाही! उघड संप परवडतो हो, हे मुके असहकार्य नाही.

केंब्रिज विद्यापीठातील ‘झेन’च्या कर्त्यांनी २००३ साली कर्नेललाच बदलले. अशी आज्ञा परस्पर न देता त्याने हायपरव्हायजरकडे मागणी करावी. लिनक्सच्या सुमारे ३००० ओळी बदलल्या, दीड टक्क्याहूनही कमी. वरच्या प्रोग्रामांना धक्का नाही.

तरीही हा बदल मूळ लिनक्समध्ये यायला चार वर्षे गेली. झेनची बोली एक, व्हीएमवेअरची दुसरी. दोन्ही कोणी सांभाळायच्या? मला या इतिहासात हा तंटाच मोलाचा वाटतो. तोड निघाली ती अशी: कर्नेलमध्ये कामांची एकच सारणी ठेवायची आणि जो मॅनेजर आढळेल त्याच्या रीती सुरुवातीलाच तीत भरायच्या, कोणी नसेल तर मूळ आज्ञाच चालायची. ही सारणी फेब्रुवारी २००७ मध्ये आली, झेनचा भाग ऑक्टोबरात. तोवर इंटेलने प्रोसेसरमध्येच निराळी सोय करून दिली होती.