गडेगावचा गिअरबॉक्स आणि वॉरंटीची शेवटची तारीख

नागपूरहून रायपूरकडे जाताना भंडारा मागे पडले की लाखनीच्या अलीकडे गडेगाव लागते. येथील अशोक लेलँडचा कारखाना १९८२ सालचा. अवजड वाहनांचे सिंक्रोमेश गिअरबॉक्स ही त्याची जुनी ओळख. त्यामागचे तंत्र जर्मनीतील झेडएफ कंपनीचे, आणि ती कंपनी १९१५ साली स्थापन झाली होती झेपेलिन या हवाई जहाजांची दातेरी चाके घडवण्यासाठी! भाताच्या कोठारात येऊन पोहोचलेला हा प्रवास स्वतंत्र थ्रेडचा विषय आहे. आज एक वेगळा प्रश्न पाहू: वॉरंटी संपल्यावर गिअरबॉक्स पुनःपुन्हा बिघडू लागला, तर त्याचा भार कोणी सोसायचा?

आधी यंत्राविषयी थोडे. जुन्या गाड्यांत गिअर बदलताना चालकाला क्लच दोनदा दाबून दोन चाकांचा वेग स्वतः जुळवावा लागे. चुकला की दात खरडत. १९२८ साली कॅडिलॅकने सिंक्रोमेश आणले आणि वेग जुळवण्याचे काम पेटीतल्या एका कड्याकडे गेले. माझ्या मते येथे तंत्राबरोबर दोषाचाही पत्ता बदलला. पूर्वी दात तुटले की बोट ड्रायव्हरकडे जाई. आता बिघाड अशा बंद पेटीत घडू लागला, जी गाडीच्या मालकाने कधी उघडूनही पाहिलेली नसते. शिवाय क्लच पुरता सुटत नसेल, तर नवे बसवलेले कडेही झिजते. म्हणून तोच भाग दुसऱ्यांदा गेला, की मूळ दोष अन्यत्र असल्याची शंका घ्यावी, असे कोणताही जाणता मिस्त्री सांगेल.

कायद्याची गोष्टही जुनी आहे. भंडारा मध्य प्रांतात होता त्या काळी, १९३० साली, माल विक्री कायदा आला. ‘ग्राहकाने स्वतः सावध असावे’ हे इंग्रजी तत्त्व त्याने मान्य केले, पण कलम १६ मध्ये त्याला अपवादही जोडले. विक्रेता ज्या मालाचा व्यापार करतो, तो माल वर्णनावरून विकला, तर तो विक्रीयोग्य दर्जाचा असण्याची अट न लिहिताही करारात असते. त्याच कलमात पुढे म्हटले आहे, की लेखी हमी दिल्याने ही अलिखित अट रद्द होत नाही. दोन्ही परस्परविरोधी असतील तरच होते. मात्र कलम ६२ ने करार करून ती अट वगळण्याची मुभाही ठेवली. वॉरंटीच्या पुस्तिकेत बारीक अक्षरांत ‘इतर सर्व हमींच्या ऐवजी’ अशा अर्थाची ओळ असते, तिचे मूळ येथे आहे.

कागदावरचा हा हक्क अनेक दशके निजून राहिला. परवाना राज्यात अँबॅसेडर किंवा फियाटसाठी वर्षानुवर्षे रांगेत थांबलेला माणूस तक्रार कशाच्या बळावर करणार? आणि दिवाणी न्यायालयातला खर्च गिअरबॉक्सच्या किमतीहून मोठा. १९७४ साली पुण्यात बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायतीची चळवळ उभी केली. पुढे २४ डिसेंबर १९८६ रोजी ग्राहक संरक्षण कायद्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली. ‘दोष’ या शब्दाच्या व्याख्येत पुढे व्यक्त करारासोबत गर्भित करारही धरला गेला. तक्रारीची मुदत १९९३ साली दोन वर्षे ठरली, आणि ती तक्रारीचे कारण घडल्यापासून मोजायची असते. वॉरंटीची तारीख आणि ही मुदत या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. लोक त्यांची सतत गल्लत करतात.

ट्रकमालकांना मात्र ‘तुमची खरेदी व्यापारी’ असे सांगून परत पाठवता येई. १९९५ च्या लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्स खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की पोटासाठी स्वतः चालवायला ट्रक घेणारा हा ग्राहकच होय. गडेगावच्या रस्त्यावरील कितीतरी ट्रकमालकांच्या दृष्टीने ही ओळ फार मोलाची!

निकाल नेहमी ग्राहकाच्याच बाजूने लागले असे नाही. २००६ साली मारुती उद्योगच्या प्रकरणात त्याच न्यायालयाने म्हटले, की वॉरंटीत सदोष भाग बदलण्याचे वचन असेल, तर त्यावरून संपूर्ण गाडी बदलून मागता येत नाही. पुराव्याचे ओझेही तक्रारदारावर असते. तपासणीविना दोष ठरत नसेल, तर आयोग वस्तू प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो, पण तिचे शुल्क आधी तक्रारदाराकडून भरून घेतले जाऊ शकते. अशा वेळी वॉरंटीच्या काळातली जॉबकार्डे निर्णायक ठरतात. ‘तिसरा गिअर निसटतो’ ही नोंद मुदतीच्या आत झाली असेल आणि तीच मुदतीनंतर पुन्हा दिसत असेल, तर बिघाड जुनाच आहे असे म्हणण्यास आधार मिळतो. तोंडी तक्रारीचा मात्र मागमूस राहत नाही.

२०१९ चा नवा कायदा २० जुलै २०२० पासून लागू झाला. त्यातील ‘उत्पादन दायित्व’ या प्रकरणाचा गाजावाजा बराच झाला. परंतु वस्तूचे स्वतःचे नुकसान त्यातून वगळलेले आहे, म्हणजे निकामी गिअरबॉक्ससाठी जुनी ‘सदोष वस्तू’ची वाटच धरावी लागते. खरा बदल एका छोट्या उपकलमात आहे. पूर्वी विक्रेता किंवा कंपनी जेथे असेल, अथवा तक्रारीचे कारण जेथे घडले असेल, तेथेच जावे लागे. आता तक्रारदार जेथे राहतो वा काम करतो, तेथेही दाद मागता येते. गाडी नागपुरात घेतली असली, तरी दिलेली किंमत ५० लाखांच्या आत असेल, तर लाखनी किंवा पवनीच्या माणसाला आपली तक्रार भंडाऱ्याच्या जिल्हा आयोगात दाखल करता येते.