सातबारा एक नाही, दोन आहेत

शेतीची माहिती संगणकावर आली, तरी एका खात्याची यादी दुसऱ्या खात्याच्या यादीशी जुळत नाही. यावर हल्ली हमखास सांगितला जाणारा उतारा असा, की माहितीचा एकच प्रमाण साचा ठरवावा आणि सगळ्या खात्यांनी त्यातच नोंदी भराव्यात. हे मत अगदीच निराधार नव्हे. एकाने हेक्टर-आरमध्ये लिहिले, दुसऱ्याने एकर-गुंठ्यांत, आणि एकक कोणीच नोंदवले नाही, तर बेरीज खोटीच येणार. पण त्यासाठी एकक लिहायला लावले की भागते. वही एक करावी लागत नाही.

शेंदूरजनाघाटचा संत्रा घ्या. इथल्या रोपवाटिकांत तो कलमांच्या नगांवर मोजतात, आणि खुंट जंबेरीचा की रंगपूरचा हे महत्त्वाचे. तलाठ्याला क्षेत्र हवे. उभी बाग घेणारा व्यापारी फळांचा हजारी अंदाज बांधतो. हवामान आधारित फळपीक विमा महसूल मंडळातला पाऊस आणि तापमान बघतो. तुमच्या झाडाला फळ किती, याच्याशी त्याला देणेघेणे नाही. आंबियाची फुले जानेवारी-फेब्रुवारीत, मृगाची जून-जुलैत. झाड तेच, गट तोच, विम्याच्या लेखी मात्र बहार दोन. ‘पीक: संत्रा’ एवढ्या एका रकान्याने यातल्या कोणाचे काम होईल? आणि सगळ्यांचे रकाने एकत्र केले, तर निम्मे रिकामे राहतील. ते सक्तीचे केले की लोक काय भरतात, हे कोणत्याही सेतू केंद्रात विचारून पाहावे.

यावर प्रतिपक्ष म्हणेल, बँकेपासून कोर्टापर्यंत सातबारा चालतोच ना? चालतो, पण सातबारा माझाच साक्षीदार आहे. तो मुळात एक नमुना नव्हे. गाव नमुना सात हक्काचा, गाव नमुना बारा पिकांचा. सातातला बदल फेरफाराने होतो. बारातला हंगामाच्या पाहणीने, आणि 2021 पासून ई-पीक पाहणीत तो शेतकरी स्वतःच मोबाइलवरून नोंदवतो. प्रश्न वेगळे, नियम वेगळे, दुवा गट क्रमांकाचा. एडगर कॉड यांनी 1970 मध्ये मांडलेल्या संबंधाधारित प्रतिमानातही तक्ते वेगळेच राहतात आणि समान किल्लीने जुळतात. महसुली दप्तराने ही रीत संगणक येण्याआधीच पाळली होती, याचे श्रेय त्याला क्वचितच मिळते.

तेव्हा समाईक ठरवायचे ते थोडकेच: गावाचा संकेतांक, गट क्रमांक, एकक आणि नोंदीची तारीख. खरी मेख गट क्रमांकात आहे. वाटणीने गटाचे पोटहिस्से पडले, की एका खात्याकडे नवा क्रमांक आणि दुसऱ्याकडे जुना, अशी गत होऊ शकते. मग साचा कितीही प्रमाण असो, याद्या जुळत नाहीत. म्हणून जुन्या-नव्या क्रमांकांचा मेळ सांगणारा तक्ता सर्वांना खुला हवा, आणि प्रत्येक खात्याने आपल्या रकान्यांचा अर्थ मराठीत लिहून जाहीर करावा. कृषी, महसूल आणि विमा कंपन्या यांनी आधी एवढे करावे. बाकीच्या वह्या ज्याच्या त्याच्याकडे राहू द्याव्यात.