मुखदूषिका : एका क्षुद्र रोगाचें नांव व त्याविषयींचे समज

जुन्या बाडांतील वैद्यकाचीं पानें चाळतांना मुखावरील पिटिकांचे लेप वारंवार आढळतात. राजकीय कागदांच्या शोधांत असलेले संशोधक हीं पानें उलटून पुढें जातात. ज्यांस तीं आवडतात ते बहुधा 'पूर्वजांचें अनुभवसिद्ध ज्ञान' म्हणून जशींच्या तशीं छापावयास देतात. या दोन्ही रीति प्रस्तुत लेखकास मान्य नाहींत. पाठ ज्याप्रमाणें पारखून घ्यावयाचा, त्याप्रमाणें त्यांतील वैद्यकहि पारखूनच घेतलें पाहिजे.

सुश्रुतानें निदानस्थानाच्या 13व्या अध्यायांत क्षुद्र रोगांमध्यें 'मुखदूषिका' गणिली आहे. कफ, वात व रक्त यांपासून तरुणांच्या मुखावर होणाऱ्या, सांवरीच्या कांट्यासारख्या पिटिका, असें तिचें वर्णन आहे. ज्यानें सांवरीचें खोड जवळून पाहिलें आहे त्यास ही उपमा किती नेमकी आहे तें सांगावयास नको. बुडाशीं रुंद, टोंकाशीं अणकुचीदार. वाग्भटानें अष्टांगहृदयाच्या उत्तरस्थानांत त्यांत एका विशेषणाची भर घातली : या पिटिका 'मेदोगर्भ' असतात. वय, स्थान, आकार आणि आंतील स्निग्ध द्रव्य एवढें या आचार्यांनीं डोळ्यांनीं पाहून लिहिलें, व तें आजहि खोटें ठरलेलें नाहीं.

माधवनिदानांत याच व्याधीस 'युवानपिडका' म्हटलें आहे. हा शब्द व्याकरणास खटकतो. 'यूनाम् आनने पिडका' असा विग्रह केल्यास 'युवाननपिडका' रूप व्हावयास हवें. परंतु अनुष्टुभाच्या आठ अक्षरांच्या चरणांत तें एका अक्षरानें अधिक होतें, आणि एक नकार गळाला असावा असें मला वाटतें. योगायोग असा कीं, युरोपांतील नांवाचेंहि असेंच झालें. ग्रीक भाषेंत 'अक्मे' म्हणजे शिखर, वयाचा ऐन भर. सहाव्या शतकांतील अमिदा येथील वैद्य एशिअस याच्या ग्रंथाची नक्कल होतांना 'म'च्या जागीं 'न' पडला, त्यापासून 'अॅक्ने' हें नांव रूढ झालें, असें कोशकार मानतात. म्हणजे दोन्हीकडे मूळ निरीक्षण तारुण्याचें, आणि दोन्ही नांवें वाटेंत मोडलेलीं.

परंतु अक्षर गळाल्यानें रोगी दुखावत नाहीं. अर्थ भलताच लागला तर दुखावतो. शार्ङ्गधरानें पूर्वखंडांत सप्तधातूंचे मल क्रमानें सांगतांना शेवटच्या धातूच्या, म्हणजे शुक्राच्या, वांट्यास मुखावरील स्निग्धता व पिटिका दिल्या आहेत. ही एका शास्त्राची वर्गवारी आहे. तींत कोणाच्या आचरणावर एक शब्दहि नाहीं. तथापि लोकांत समज असा पसरला आहे कीं, मुरूम येणें म्हणजे मनांत वाईट विचार असणें, आणि लग्न झालें कीं ते जातात. तो शार्ङ्गधरावरूनच निघाला असें मी म्हणत नाहीं. युरोपांतहि असाच समज होता, आणि तेथें शार्ङ्गधर कोणीं वाचला होता? पण आपल्याकडे या समजास आधार म्हणून धातुमलाचें हें वचन पुढें केलें जातें, तें अयोग्य आहे. पस्तीस वर्षांच्या अध्यापनांत सोळा-सतरा वर्षांचीं मुलें या बोलण्याच्या धाकानें मागच्या बाकावर तोंड लपवून बसलेलीं मीं पाहिलीं आहेत.

वस्तुस्थिति अशी. 1941 सालीं अमेरिकेंतील जेम्स हॅमिल्टन यांनीं दाखविलें कीं, वयांत येण्यापूर्वीं ज्यांचे वृषण निकामी झाले वा काढले गेले त्यांस हा रोग होत नाहीं, आणि टेस्टोस्टेरॉन हें द्रव्य बाहेरून दिल्यास होऊं शकतो. या जातीचीं द्रव्यें स्त्रियांच्या शरीरांतहि थोड्या प्रमाणांत उत्पन्न होतात. त्यांच्या योगें त्वचेंतील स्नेहग्रंथि वाढतात, केशमूलाचें तोंड मृत पेशींनीं बुजतें, आंत जंतु वाढतात व दाह होतो. शुक्राचा संचय किंवा व्यय यांचा येथें संबंध नाहीं. विवाहानें रोग जातो हा तर काकतालीय न्याय होय. विवाहाच्या वयाच्या सुमारास बहुतेकांचा तो आपोआप ओसरतो. कित्येक स्त्रियांस तो तिशीनंतरहि असतो.

मळाचा समजहि असाच. पिटिकेचें काळें टोंक धुळीचें नव्हे. त्वचेंतील रंगद्रव्य व हवेनें पालटलेला स्नेह यांमुळें तें काळें दिसतें. म्हणून घासून घासून तोंड धुणारा दाह मात्र वाढवितो. आहाराविषयीं निर्णय तितका सरळ नाहीं. 1969 सालीं 65 जणांवर चॉकोलेटचा प्रयोग होऊन तें निर्दोष ठरविलें गेलें. परंतु तुलनेसाठीं दिलेल्या वडीतहि साखर व स्निग्धांश तेवढाच होता, तेव्हां निर्दोष ठरला तो फक्त कोको. साखर व मैदा यांविषयींचा संशय अलीकडच्या प्रयोगांनीं उलट बळावला आहे.

आतां लेप. सुश्रुताच्या चिकित्सास्थानांत वमन सांगून धने, वेखंड, लोध्र, कोष्ठ यांचा एक लेप व वेखंड, लोध्र, सैंधव, मोहरी यांचा दुसरा दिला आहे. मोहरीनें नाजूक कातडीची आग होते हें घरोघर ठाऊक आहे. मीठ त्यांत भर घालतें. जुनें तेवढें सौम्य, हा समज येथेंच पडतो. लंडनांत अठराव्या शतकांत गाजलेलें गाउलंडचें मुखप्रक्षालन तर पाऱ्याच्या विषारी क्षाराचें होतें. तेव्हां असे उतारे छापतांना संपादकांनीं द्रव्यांचीं नांवें ओळखून त्यांखालीं गुणदोषांची टीप द्यावी. ज्यांच्या संग्रहीं माधवनिदानाच्या जुन्या पोथ्या आहेत त्यांनीं क्षुद्ररोगाच्या अध्यायांतील वरील शब्द मुद्दाम पाहावा. एखाद्या लेखकानें वृत्त मोडूनहि दोन नकार राखले असल्यास तें पान प्रसिद्ध करावें, अशी विनंति आहे.