अटी लागू : १९८०चं तारांकित सोनं

जाहिरातीत 'फुकट' या मोठ्ठ्या शब्दाच्या डोक्यावर एक बारकीशी चांदणी असते, आणि खाली मुंगीच्या अक्षरात 'अटी लागू'. ऑलिंपिकच्या विजेत्यांच्या यादीतही अशा चांदण्या असतात. छापलेल्या नसतात, लोक मनातल्या मनात लावतात. त्यातलीच ही एक.

पुरुषांची ४ बाय १०० मीटर मेडले रिले १९६० साली रोममध्ये ऑलिंपिकमध्ये आली. चार गडी, चार स्ट्रोक्स : बॅकस्ट्रोक, ब्रेस्टस्ट्रोक, बटरफ्लाय आणि शेवटी फ्रीस्टाईल. (बॅकस्ट्रोक पहिला का? कारण तो पाण्यातूनच सुरू होतो. मध्ये घातला तर येणारा आणि जाणारा भिंतीपाशी एकमेकांवर आदळतील!) १९६० ते २०२१ मध्ये झालेल्या टोकियोपर्यंत ही शर्यत १६ वेळा झाली. त्यातल्या १५ वेळा अमेरिका जिंकली. सोळावी शर्यत म्हणजे मॉस्को, १९८०. तिथे अमेरिका आलीच नव्हती.

डिसेंबर १९७९ मध्ये सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात घुसल्या आणि राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी बहिष्काराची हाक दिली. ऑस्ट्रेलियाचे पंतप्रधान फ्रेझरही बहिष्काराच्या बाजूने होते. तिथल्या ऑलिंपिक संघटनेने मात्र थोडक्या मताधिक्याने जायचं ठरवलं. काही खेळाडूंनी माघार घेतली. 'जाऊ द्या' म्हणून जोर लावणाऱ्यांत मार्क टोनेली हा जलतरणपटू पुढे होता. ऑस्ट्रेलियन पथक गेलं, पण स्वतःच्या झेंड्याऐवजी ऑलिंपिकचा झेंडा घेऊन.

आता टीम बघा. बॅकस्ट्रोकला मार्क केरी, ब्रेस्टस्ट्रोकला पीटर इव्हान्स. बटरफ्लायला टोनेली, जो मुळात बॅकस्ट्रोकवाला! आणि फ्रीस्टाईलला नील ब्रूक्स, ज्याला अजून १८ पूर्ण व्हायची होती. चारपैकी एकाकडेही वैयक्तिक ऑलिंपिक सुवर्ण नव्हतं. त्याआधी १९७६ ला माँट्रियालमध्ये तर सगळ्या ऑस्ट्रेलियाला मिळून एकही सुवर्ण मिळालं नव्हतं.

टोनेली वयाने सगळ्यात मोठा. त्याने शर्यतीआधी तिघांना बसवलं आणि प्रत्येकाकडून एकेक आकडा कबूल करून घेतला. (आमच्या भाषेत एस्टिमेट. फरक इतकाच की हे पाळायचं होतं!) इव्हान्सने ६३ सेकंद सांगितले, ब्रूक्सने ५० च्या आत. आणि त्याने टीमला नाव दिलं 'क्वाएटली कॉन्फिडंट क्वार्टेट', म्हणजे गाजावाजा न करता स्वतःवर विश्वास असलेले चौघे.

२४ जुलै १९८०. इव्हान्सने ६३.०१ सेकंदांत आपला शब्द पाळला. टोनेलीने परक्या स्ट्रोकमध्ये ५५ च्या आत काम संपवलं. शेवटच्या टप्प्यात ब्रूक्ससमोर सोव्हिएत संघाचा कोप्लियाकोव्ह, आणि गॅलरी अर्थातच यजमानांची. ब्रूक्सने ४९.८६ सेकंद घेतले. त्याच स्पर्धेत १०० मीटर फ्रीस्टाईलचं वैयक्तिक सुवर्ण ५०.४० ला गेलं होतं. (रिलेत आधीचा भिंतीला टेकायच्या क्षणी पुढचा हवेत झेपावलेला असतो, त्यामुळे अर्धाएक सेकंद वाचतो. तरीही!) ऑस्ट्रेलिया ३:४५.७०, सोव्हिएत संघ ३:४५.९२. चारशे मीटरनंतर फरक २२ शतांश सेकंदाचा.

आता चांदणीकडे येऊ. अमेरिकेचा १९७६ चा विश्वविक्रम ३:४२.२२ होता, म्हणजे साडेतीन सेकंद कमी. पोहण्यात हे फार मोठं अंतर. १९८४ ला लॉस एंजेलिसमध्ये अमेरिका परतली आणि ३:३९.३० चा नवा विक्रम करून जिंकली. केरी आणि इव्हान्स त्याही शर्यतीत होते. ऑस्ट्रेलियाने वेळ दिली ३:४३.२५, मॉस्कोपेक्षा जवळजवळ अडीच सेकंद चांगली, आणि मिळालं कांस्य! (सोव्हिएत संघ तिथे नव्हता, कारण यावेळी बहिष्कार त्यांचा.)

मग मॉस्कोचं सोनं खोटं का? असं म्हणण्याआधी आपल्या कपाटात डोकवा. भारताचं हॉकीतलं शेवटचं ऑलिंपिक सुवर्ण कुठलं? मॉस्को, १९८०. फक्त सहा संघ. पाकिस्तान, हॉलंड, पश्चिम जर्मनी गैरहजर. आणि गंमत म्हणजे ऑस्ट्रेलियाचा हॉकी संघही. अंतिम सामन्यात आपण स्पेनला ४-३ ने हरवलं. ते सुवर्ण आपण 'आठ सुवर्णपदकां'त छाती फुगवून मोजतो, चांदणी न लावता.

आणि मला वाटतं बरोबरच मोजतो. पदक 'जगात सर्वोत्तम कोण' याचं प्रमाणपत्र नसतंच. त्या दिवशी जे हजर होते, त्यांच्यात पहिलं कोण, एवढंच ते सांगतं. न आलेल्याला हरवता येत नाही, आणि तो का आला नाही हे पाण्यात उभ्या असलेल्या अठराच्या आतल्या पोराच्या हातात नसतं. त्याच्या हातात होता त्याने कबूल केलेला आकडा. तो त्याने पाळला. अमेरिका आली असती तरी ब्रूक्सचे ४९.८६ हे ४९.८६च राहिले असते. रंग कदाचित बदलला असता.

समोर उभ्या असलेल्या अमेरिकेला या शर्यतीत हरवायला २०२४ उजाडावं लागलं. पॅरिसमध्ये चीनने ३:२७.४६ वेळ देऊन ते केलं, अमेरिका ३:२८.०१. ते सोनं बिनचांदणीचं म्हणतात. म्हणू देत. मॉस्कोच्या चौघांनी ज्यांच्याशी शर्यत होती त्यांना हरवलं, आणि आधी सांगून हरवलं. इतकं आपल्यापैकी किती जणांना जमतं?